दीड तासाचा भाव

दुकानात एकूण सात पाट्या होत्या आणि त्यांतली एकही बटणांविषयी नव्हती. 'सुट्टे पैसे द्यावेत' ही पहिली. 'मोठी नोट दाखवून मोड मागू नये' ही दुसरी. 'कार्ड चालत नाही' ही तिसरी, आणि तिच्याच खाली, लोक वाचूनही विचारतात म्हणून, 'सांगितलं ना, चालत नाही' ही चौथी. उरलेल्या तिन्ही फाटक्या नोटांविषयी होत्या. एक बटण घ्यायला आलेल्या माणसाला आपण दुकानात आलोय की कोर्टात, असा प्रश्न पडायचा.

पण माल? मालात खोट काढायची कोणाची छाती नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा एक नमुना टाचलेला. दोन भोकांची, चार भोकांची, शिंपल्याची, लाकडाची, टिचबटणं, हुक, चेनी, लेस, अस्तरं आणि पांढऱ्या दोऱ्याच्या अकरा छटा. पांढऱ्याच्या अकरा छटा असतात हे गिऱ्हाइकांना इथेच कळायचं आणि कळल्याशिवाय मालक त्यांना सोडत नसत.

मालकांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, तिथेच राहिलं. बाजारात सगळे त्यांना सुट्टेसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं 'साहेब'. साहेब कुठल्याही कचेरीचे नव्हते. पण गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसून समोरच्याने दिलेली नोट उजेडात धरून, उलटी करून, पुन्हा सुलटी करून ते ज्या नजरेने त्या माणसाकडे बघत, ती नजर साहेबाचीच होती. नोट खरी निघाली तर त्यांना जरा वाईटच वाटे.

सुट्टे नसले की त्यांचा एक ठरलेला रिवाज होता. एका रुपयाच्या नाण्याच्या जागी एक बटण. "घ्या, कामाला येईल," असं म्हणत ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर एक बटण ठेवत. एकच बटण, आणि तेही असं की ज्याचा जोडीदार कुठल्याही शर्टावर सापडायचा नाही. लोक काय करणार? खिशात टाकत आणि घरी जाऊन एखाद्या डब्यात. गावातल्या निम्म्या घरांत अशी बटणं साठली होती.

साहेबांचं तत्त्वज्ञान सोपं होतं. "रोख म्हणजे कसं? दिलं, घेतलं, संपलं. फुकटचा व्यवहार! आणि ते कार्ड? शंभरातले दोन त्यांना. का म्हणून? बटण मी मोजायचं, दोरा मी शोधायचा, शिडीवर मी चढायचं आणि दोन त्यांना? ते काय माझे जावई आहेत?"

रोज अकराच्या ठोक्याला ते आदल्या दिवशीची रोकड घेऊन बँकेत जात. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, नोटांची तोंडं एका दिशेला. तिथे रांग, मग रोखपालाशी चार गप्पा, मग कपभर चहा, की साडेबाराला परत. तेवढा वेळ स्टुलावर त्यांची बायको बसे. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

वहिनींनी एकतीस वर्षं पाण्याच्या बिलांच्या खिडकीवर नोकरी केली होती. खिडकीच्या भोकातून येणारे पैसे मोजायचे, शिक्का मारायचा, पुढचा. एकतीस वर्षं लोक त्यांच्याशी फक्त पाणी का येत नाही एवढंच बोलले, पण त्या एकदाही चिडल्या नाहीत. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून दीड तास दुकानात येऊ लागल्या.

तर एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एप्रनवाल्या बाई आल्या. ह्यांचा दवाखान्यांचे एप्रन शिवायचा कारखाना, बारा मशीनं, सगळं काम पांढरं. आणि पांढऱ्याला बटणं लागतातच.

"साहेब, चार भोकांची पांढरी, चाळीस ग्रोस. मोठं काम आलंय."

ग्रोस म्हणजे बारा डझन. चाळीस ग्रोस! साहेबांनी वर्षभरात मिळून एवढी बटणं विकली नव्हती. ते शिडीकडे निघालेसुद्धा.

"पैसे कार्डावर घ्याल ना? कारखान्याचा सगळा हिशोब आता कार्डावरच ठेवावा लागतो."

साहेब शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबले. तिथूनच त्यांनी तिसऱ्या पाटीकडे बोट दाखवलं. मग चौथ्या.

"अहो, पण चाळीस ग्रोस!"

"चाळीस ग्रोसचे शेकडा दोन किती होतात माहीत आहे का, बाई? तेवढ्यात माझं महिन्याचं वीजबिल निघतं."

"आणि नाही विकलीत तर काय निघतं?" असं विचारून बाई निघून गेल्या.

वहिनी त्या दिवशी लवकर आल्या होत्या. मागच्या खोलीत दोऱ्यांची रिळं लावता लावता त्यांनी सगळं ऐकलं. दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला.

"कार्डाचं मशीन घेऊ या."

"तू एकतीस वर्षं दुसऱ्याचे पैसे मोजलेस. धंद्यातलं तुला काय कळतं?"

"तेवढं एकच कळतं. पैसे घ्यायलाही पैसे पडतात. आमच्या खिडकीवर रोकड मोजायला तीन माणसं होती, ती न्यायला गाडी होती, गाडीवर दोन माणसं होती. रोख फुकट असती तर ती पाच माणसं काय हवा खायला ठेवली होती?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घास ताटात ठेवून ते म्हणाले, "तुझं सरकारी ऑफिस आणि माझं दुकान एक नाही. काय करायचं ते कर. आण मशीन. एक महिना ठेव. दोन्हीकडचा खर्च लिही, पै न् पै. रोख कार्डापेक्षा शंभरामागे कणभर जरी महाग निघाली ना, तर मी गल्ल्यावरून उठेन. कायमचा. तू बस त्या स्टुलावर."

"आणि कार्ड महाग निघालं तर?"

"तर मशीन परत आणि पुन्हा ह्या घरात तो शब्द नको."

"ठरलं?"

"ठरलं म्हणजे ठरलं."

माणूस जेवताना बोलतो ते नेहमी अंगलट येतं, पण हे जेवण झाल्यावर कळतं.

मशीन विकायला जो आला त्याला बघून साहेबांना हसूच फुटलं. वीस वर्षांपूर्वी ह्याच इसमाने त्यांना लोखंडी तिजोरी विकली होती. आता केस पांढरे झाले होते, टायही तोच असावा.

"त्या वेळी तूच म्हणाला होतास ना रे, की रोकडीसारखं सुख नाही?"

"साहेब, त्या वेळी तिजोऱ्या विकत होतो," असं त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं आणि मशीनचं भाडं महिन्याला तीनशे, शंभराला दोन आणि रक्कम कितीही लहान असली तरी दर वेळी कमीत कमी दोन, असं एका दमात वाचून दाखवलं. साहेबांनी ते तीनदा वाचायला लावलं. 'कमीत कमी दोन' ह्या शब्दांवर त्यांचे डोळे चमकले.

हिशोब लिहायचा म्हणून वहिनी आता दिवसभर दुकानात असत. पहिलं कार्ड निघालं ते एका घाईतल्या गृहस्थाकडून. त्याला हुकांचं एक पान हवं होतं. किंमत आठ. साहेबांनी इतक्या प्रेमाने कार्ड घेतलं की वहिनींना संशय आला. मशीनला दुकानाच्या आत रेंज मिळेना, ते काही बोलेना. साहेब त्याला उंबरठ्यावर घेऊन गेले, मग पायरीवर, मग रस्त्याच्या मधोमध. तिथे एकदाचं ते चिरकलं.

"बघ!" साहेब परत येताना लांबूनच ओरडले. "आठाची विक्री, अडीच फायदा, त्यातले दोन ह्याने गिळले! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! लिही, लिही लवकर."

वहिनींनी वहीच्या उजव्या बाजूला लिहिलं. दोन.

मग साहेबांना जो उत्साह चढला तो काही विचारू नका. एरवी ज्यांच्याशी सुट्ट्यांवरून वाद घालायचे त्या बारीकसारीक गिऱ्हाइकांना ते आग्रह करू लागले. "एक सुई ना? कार्ड नाही का? असेल हो, बघा नीट पाकिटात." कागदाच्या रोलचे साठ त्यांनी लिहायला लावले. मशीन चार्ज करायला किती वीज लागते हे विचारायला ते वीजवाल्याकडे जाऊन आले. रस्त्यावर उभं राहिल्यामुळे चपलेची झीज होते, तीही लिही म्हणाले. वहिनींनी चपला तेवढ्या सोडल्या, बाकी सगळं मुकाट्याने लिहिलं.

पण वहीला डावी बाजूही होती. रोखीची. आणि ती हळूहळू भरत होती.

पहिल्यांदा निघाले सुट्टे. दर आठवड्याला साहेब बस डेपोतल्या एका माणसाकडून बाराशेच्या नाण्यांची पिशवी आणत. दर शंभराच्या नाण्यांना द्यायचे एकशे पाच.

"हे काय?"

"ते त्याचे कष्ट गं. पिशवी जड असते."

"म्हणजे पैसे घेण्यासाठी तुम्ही पैसे विकत घेता," असं म्हणून वहिनींनी लिहिलं. महिन्याचे दोनशे चाळीस.

मग बँकेचं पासबुक. साहेबांचं त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. महिन्यातल्या पहिल्या तीन भरण्यांनंतर प्रत्येक भरण्याला बँक वीस कापत होती. साहेब रोज जात होते.

"हे कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"पण मला कोणी कधी मागितले नाहीत!"

"मागतील कशाला? आपले आपण घेतात." महिन्याचे चारशे वीस. जे पैसे हातातून गेले नाहीत ते गेलेच नाहीत, असं साहेबांचं आजवर मत होतं. कार्डवाल्यांचे दोनसुद्धा हातातून जात नव्हते, पण तिथे मात्र त्यांना लांबून वास यायचा.

जांभळ्या बटणांचं प्रकरण त्याहून वाईट. जांभळी बटणं कोणी मागत नाही, हे साहेबांना तीस वर्षं माहीत होतं, म्हणून तो खण त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. नेमकी एक मुलगी आली आणि तिला जांभळीच हवी झाली. वहिनींनी खण ओढला. आत पाचशेची एक नोट, घडी करून ठेवलेली.

"ही इथे कशी?"

साहेब छताकडे बघू लागले. "खोटी आहे."

"तुम्ही घेतलीत? उजेडात धरून?"

"ढग आले होते त्या दिवशी."

"कधीची?"

"ह्याच महिन्यातली," साहेब पुटपुटले, आणि इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. सहा महिन्यांपूर्वीची आहे असं सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण पैजेत लबाडी करायची नाही, एवढा हिशोब त्यांचा साफ होता. वहिनींनी पाचशे लिहिले आणि मुलीची जांभळी बटणं मोजायला घेतली.

आणि मग आल्या तिसऱ्या गल्लीतल्या आजीबाई. हातात पत्र्याचा डबा. त्यांना परकराचं अस्तर आणि नाडी हवी होती, किंमत चाळीस. आजीबाईंनी डबा गल्ल्यावर उपडा केला. बटणं! लाल, हिरवी, काळी, एक चष्म्याच्या काचेएवढं मोठं, एक मुंगीएवढं.

"नऊ वर्षांची आहेत," आजीबाई म्हणाल्या. "चाळीस मोजून घ्या. उरलेली मी परत नेते, पुढच्या खरेदीला होतील."

"अहो आजी, बटणं काय चलन आहे?"

"तुम्ही मला एका नाण्याच्या जागी एक दिलं. मग माझ्याकडून एका नाण्याच्या जागी एक घ्यायला काय हरकत आहे?"

"पण ह्यातल्या एकाचीही जोडी नाही!"

"मला देताना जोडी बघितली होतीत?"

दुकानात दोन शिंपी उभे होते. त्यांनी तोंडं फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी पेन्सिलला टोक काढत होत्या. शेवटी साहेबांनी चाळीस बटणं मोजून घेतली, आणि सवयीने त्यांतली दोन-तीन उजेडात धरून बघितली.

संध्याकाळी वहिनींनी त्यावर जुनी बिलं काढून आणखी एक शोध लावला. एका नाण्याच्या जागी साहेब जे बटण देत होते, त्याची खरेदीच आता सव्वा पडत होती. म्हणजे सुट्टे वाचवायला ते दर वेळी पाव घालवत होते. आजीबाईंची चाळीस धरून बटणांचा तोटा एकशे अठरा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण साहेब रात्री कूस बदलू लागले. स्टूल त्यांना डोळ्यांसमोर दिसे. त्या स्टुलावर ते सदतीस वर्षं बसत होते. तिथून उठून माणसाने जायचं कुठे? ज्यांना नोकरी असते त्यांना निवृत्ती असते, हार असतो, भाषण असतं. दुकानदाराला काय असतं? उठलं की उठलं.

तरी त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली होती. रोखीची विक्री मोठी, कार्डाची लहान, आणि दोन्हींचा खर्च जवळपास सारखा. शंभरामागे बघितलं तर अजून आपणच पुढे. ही बेरीज करून त्यांना झोप लागे.

महिना संपायला चार दिवस होते. कार्डावर लोक वाढले तशी रोकड आटली होती. त्या दिवशी साहेब बँकेत गेले तर भरायला मूठभर नोटा, नाणी नाहीतच. रांगही नव्हती. रोखपाल म्हणाला, "आज एवढंच?" आणि शिक्का मारून मोकळा झाला. चहाला म्हणावं तर त्याचा चहा अजून यायचा होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी साहेब परत आपल्या रस्त्याला लागले.

कोपऱ्यावरून त्यांना दुकान दिसलं आणि आपण चुकीच्या रस्त्याला आलो की काय, असं वाटलं. दुकानात माणसं मावत नव्हती. दोन पायरीवर उभी. आत हसण्याचा आवाज. एप्रनवाल्या बाई गल्ल्याला टेकून ऐसपैस उभ्या, समोर पांढऱ्या बटणांची खोकी. आजीबाई, ते दोघे शिंपी, ती जांभळ्या बटणांवाली मुलगी. वहिनी स्टुलावर बसून एका हाताने लेस मोजत होत्या, दुसऱ्याने, आता आतही रेंज पकडू लागलेलं, मशीन पुढे सरकवत होत्या आणि शिवाय कोणाच्या तरी गुडघेदुखीची चौकशी करत होत्या.

तेवढ्यात पायरीवरच्या एकाने मागे बघितलं. "आले," तो हळूच म्हणाला.

मग जे झालं ते साहेबांनी नीट पाहिलं. एका शिंप्याला एकदम काम आठवलं. मुलीने फोन कानाला लावला, वाजलेला नव्हता तरी. एप्रनवाल्या बाईंनी खोकी उचलली आणि "येते हं वहिनी" म्हणून पलीकडच्या बाजूने निघून गेल्या. साहेब दुकानात शिरले तेव्हा आत फक्त आजीबाई होत्या, कारण त्यांना भरभर चालता येत नव्हतं.

"आज लवकर?" वहिनींनी विचारलं.

"रांग नव्हती," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते अकराला निघाले, पण बँकेत गेले नाहीत. वळसा घालून समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानात मागच्या दाराने शिरले. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"इथे जरा बसू का?"

"बसा की. पण तुम्ही इथे बसलात तर माझी गिऱ्हाइकं कुठे उभी राहणार?"

"कसली गिऱ्हाइकं?"

घड्याळवाल्याला वाटलं, ह्यांना माहीतच असणार. तो बोलून गेला. "तुमचीच हो. दहापासून माझ्याकडे येऊन घड्याळं बघत बसतात. तुम्ही बँकेकडे वळलात की रस्ता ओलांडतात. बसून बसून दोघांनी घड्याळंही घेतली बरं का. तुमचे उपकारच आहेत." मग त्याने भिंग काढलं, साहेबांचा चेहरा बघितला आणि पुन्हा भिंग लावलं.

साहेबांना फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, राग त्यांना पेलता येत असे. पण राग येईना. त्यांना पांढऱ्याच्या अकरा छटा आठवल्या, त्या त्यांनी हौसेने दाखवल्या होत्या. लोकांना आवडतंय असं त्यांना वाटलं होतं. सदतीस वर्षांत एकाने तरी म्हणायचं, साहेब, घाईत आहे. काचेतून पलीकडे वहिनी दिसत होत्या. कोणाला तरी सुट्टे देत होत्या, खरे सुट्टे, आणि तो माणूस जाता जाता हसला.

त्या रात्री वहिनी झोपल्यावर त्यांनी वही काढून तिची मागची पानं चाळली.

पुढे दोन दिवसांनी रोखपालाने सांगितलं, "उद्या येऊ नका साहेब. फरशी उखडणार आहेत, बँक बंद." नेमका तो पैजेचा शेवटचा दिवस. सकाळी साडेदहाला वहिनींनी वही गल्ल्यावर उघडली. वाचता वाचता त्यांचा आवाज खिडकीवरचा झाला.

"कार्ड. भाडं, कमिशन, रोल, सगळं धरून बाराशे शहात्तर. विक्री एक्केचाळीस हजार. म्हणजे शंभरामागे तीन आणि वर थोडं. रोख. सुट्टे, बँकेचा आकार, खोटी नोट, बटणं. बाराशे अठ्ठ्याहत्तर. विक्री बहात्तर हजार. शंभरामागे पावणेदोन."

"मग?" साहेब म्हणाले. "जिंकलो की मी."

"एक ओळ राहिलीय."

साहेबांनी वही आपल्याकडे फिरवली. डाव्या बाजूला शेवटी वहिनींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'बँकेत जाण्यायेण्याचा वेळ, तास छत्तीस'. पुढची जागा कोरी.

"ही का नाही भरलीस?"

"तुमचा वेळ आहे. त्याचा भाव तुम्ही सांगायचा." वहिनी खाली बघत होत्या. "तासाला तीस धरले तरी रोख सव्वातीनला जाते. तीस म्हणजे काहीच नाही, हमालाला त्याच्या तिप्पट देतो आपण."

तीस म्हटलं की हरले. साहेबांनी पेन्सिल घेतली. समोर घड्याळवाल्याच्या दुकानात त्यांची नजर गेली. एप्रनवाल्या बाई भिंतीवरचं एक घड्याळ बघत होत्या. शेजारी एक शिंपी. आजीबाईंना कोणीतरी खुर्ची दिली होती. तीन पाठमोऱ्या माणसांना घड्याळात एवढं काय दिसत असतं?

त्यांनी कोऱ्या जागेत शून्य काढलं. नीट, गोल, आणि वही परत फिरवली.

"शून्य?" वहिनी म्हणाल्या. "अहो, माणसाच्या वेळाला काही भाव नसतो का?"

"त्या वेळात मी इथे असतो तर दुकानाने काय कमावलं असतं, तो भाव. बरोबर ना? मी नसताना किती विक्री होते ते तू लिहिलं आहेस. वेगळ्या पानावर. बघितलं मी."

वहिनींचा हात वहीवर तसाच राहिला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मला काय डोळे नाहीत?"

"मी मुद्दाम ती ओळ..."

"माहीत आहे मला, का सोडलीस ते." त्यांनी पेन्सिल वहीवर ठेवली. "तर रोख स्वस्त. पैज मी जिंकली."

"जिंकलात," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग बसा की आता. तुमचं स्टूल आहे. कोणी उठवत नाहीये तुम्हाला."

साहेब बसले. गल्ल्यावरची धूळ हाताने पुसली. रस्त्यापलीकडे एप्रनवाल्या बाईंनी मान वळवून इकडे पाहिलं आणि पुन्हा घड्याळाकडे तोंड केलं. अकराला पाच कमी होते. साहेब स्टुलावरून उतरले आणि पायात चपला घालू लागले.

"कुठे निघालात?"

"बँकेत."

"अहो, बँक बंद आहे ना आज? तुम्हीच सांगितलंत काल."

साहेबांनी एकदा समोर बघितलं आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"त्यांना कुठे माहीत आहे?"